कोडं घालणाऱ्याने खोटं बोलू नये

कोडी सोडवणारे पुष्कळ भेटतात, रचणारे क्वचित. रोज सकाळी मोबाइलवर कोणीतरी एक कोडं धाडतं, दोन-चार जण उत्तर कळवतात, बाकीचे तेच उचलून दुसऱ्या ग्रुपवर टाकतात. ते रचलं कोणी, हे कोणी विचारत नाही आणि आपणही एखादं रचून बघावं असं कोणाच्या मनात येत नाही. याचं मला वाईट वाटतं. कोड्याइतका बिनखर्चाचा आणि डोकं तल्लख ठेवणारा खेळ आपल्या घरांत दुसरा नव्हता. कोकणात त्याला हुमाण म्हणत, खेड्यापाड्यांत उखाणा म्हणत, आणि अक्षरओळख नसलेली माणसंही तो हौसेने खेळत. स्वतःचं कोडं कोणालाही रचता येतं आणि रचायला शिकवताही येतं, असं मी मानतो.

शिकवायचं कसं, यावर मात्र दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कोडं ही बांधणी आहे; नियम ठरवा, उत्तरापासून मागे मागे या आणि वाट बंद करा. दुसरा म्हणतो, कोडं बघण्यातून येतं. आधी वस्तू नीट बघा, लपवायचं नंतर बघू. हे दोन्ही पक्ष समोरासमोर यावेत म्हणून हा संवाद. बोलणारे दोघे मुंबईत वाकोल्याला दत्त मंदिर रोडच्या बाजूला एका इमारतीत राहतात. भाचा संगणकाच्या कंपनीत आहे. आत्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गणपती जवळ आले आहेत, मंडळाने मुलांसाठी कोड्यांची स्पर्धा ठेवली आहे आणि कोडी काढायचं काम भाच्याकडे आलं आहे.

भाचा: आत्या, पंचवीस कोडी हवीत आणि सगळी नवी हवीत. मी पद्धत ठरवली आहे. आधी उत्तर निवडायचं. त्याचे गुण एका रकान्यात लिहायचे. प्रत्येक गुणासमोर तोच गुण असलेली दुसरी वस्तू लिहायची आणि मधे 'पण' आणि 'नाही' घालायचं. हे ऐक. 'शिट्टी वाजवतो पण पोलीस नाही, वाफ सोडतो पण इंजिन नाही.'

आत्या: कुकर. शिट्टी म्हणालास तिथेच कुकर.

भाचा: सोपं झालं असेल, पण रीत चुकीची नाही. नारळावरचा तो संस्कृत श्लोक तूच मला पाठ करून घेतला होतास. झाडाच्या टोकावर राहतो पण गरुड नव्हे, तीन डोळे आहेत पण शंकर नव्हे, वल्कलं नेसतो पण योगी नव्हे, पाणी बाळगतो पण घट नव्हे नि मेघही नव्हे. तिथेही 'पण' आणि 'नव्हे'च आहे.

आत्या: तिथे 'नव्हे'ला काम आहे. तीन डोळे म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी चेहरा येतो, लगेच शंकर येतो. नारळ जवळपासही फिरकत नाही. म्हणून 'शंकर नव्हे' म्हणायची गरज पडते. मनात आलेलं उत्तर तो श्लोक काढून घेतो. तुझ्या शिट्टीने मनात पोलीस येतच नाही, सरळ कुकर येतो. मग पोलीस नाही हे सांगतोस कोणाला?

भाचा: म्हणजे गुणाचं नाव थेट घ्यायचं नाही.

आत्या: ते तर आहेच. पण त्याआधीची गोष्ट विचारते. कुकरचं तू काय काय बघितलंस?

भाचा: शिट्टी, वाफ, झाकण, रिंग.

आत्या: हे दुकानदारानेही सांगितलं असतं. घरातली माणसं कुकरशी वागतात कशी, ते बघ. कोणी त्याच्याकडे बघत नाही, पण सगळे मोजत असतात. आतल्या खोलीतून आवाज येतो, 'किती झाल्या गं?' तीन झाल्या की उतरवतात, पण लगेच कोणी हात लावत नाही. निवायची वाट बघतात, मगच जेवण. आता सांग, असं आपण कोणाशी वागतो?

भाचा: रागावलेल्या माणसाशी.

आत्या: मग झालं की कोडं.

'याचा राग मोजून घेतात,
तिसऱ्या रागाला उतरवून ठेवतात,
राग निवला की जेवायला बसतात.'

शिट्टी नाही, वाफ नाही, आग नाही. आणि उत्तर कळल्यावर यातला एकही शब्द खोटा निघत नाही.

भाचा: छान आहे. पण ही तुझी हातोटी झाली, पद्धत नाही झाली. उद्या इमारतीतल्या दहा वर्षांच्या मुलीला कोडं रचायला बसवलं तर 'नीट बघ' एवढ्याने ती काय करील? तिला पायऱ्या लागतील. ॲरिस्टॉटलने ही गोष्ट नियमासारखी मांडली आहे. खऱ्याच गोष्टी सांगायच्या, पण एकत्र येणं अशक्य वाटेल अशा जोडून सांगायच्या, हे त्याच्या मते कोड्याचं मर्म. साध्या शब्दांनी ते जमत नाही, रूपक लागतं. चांगल्या कोड्यांतून चांगली रूपकं मिळतात, असंही तो म्हणतो.

आत्या: मग माझ्या बाजूचाच झाला.

भाचा: अर्धा. 1963 साली रॉबर्ट जॉर्जेस आणि ॲलन डंडस या अमेरिकी अभ्यासकांनी कोड्याची बांधणीच उकलून दाखवली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काही कोडी नुसतं वर्णन करतात आणि काही कोड्यांत दोन विधानं एकमेकांना छेद देतात. ऐकणारा अडतो तो त्या छेदापाशी. म्हणजे छेद शोधणं ही पायरी झाली आणि ती शिकवता येते. समोर ही गॅलरीतली दोरी घे. ती काय करते? कपडे धरते. धरते म्हटलं तर कोडं नाही, घालते म्हटलं की माणूस तयार झाला. आता छेद कुठे? माणूस पावसात जास्त कपडे घालतो, हिचे मात्र पाऊस आला की सगळे काढून घेतात.

'उन्हात घरभराचे कपडे घालते,
पावसात उघडीच भिजते.'

आत्या: हे मुलांना आवडेल. आणि बघ, हे तुला रकान्यातून नाही मिळालं. तू गॅलरीकडे बघितलंस.

भाचा: बघितलं खरं, पण काय शोधायचं ते ठाऊक होतं म्हणून सापडलं. छेद शोधत नसतो तर दोरी दिसली असती, कोडं दिसलं नसतं.

आत्या: कबूल. शाळेत मी याच्यासाठी एक खेळ घ्यायचे. एक वस्तू द्यायची आणि तिचं नाव न घेता दहा खरी वाक्यं लिहायला सांगायची. पहिली तीन-चार सगळ्या वर्गाची सारखीच यायची: रंग, आकार, उपयोग. ती खोडायला लावायची. मुलं कुरकुरायची, आता लिहायला काही उरलं नाही म्हणायची, मान खाली घालून बसायची. सातव्या-आठव्या वाक्याला मात्र वस्तू स्वतःहून काहीतरी सांगू लागायची. छत्री घेऊन बघ.

भाचा: काळी असते. उघडते, मिटते. पावसात लागते. दांडा असतो.

आत्या: खोड सगळं.

भाचा: बाहेर आपल्याला कोरडं ठेवते, घरात आली की फरशी ओली करते.

आत्या: हं, आता लागलास वाटेला.

भाचा: आणि... पावसात ती कधी हरवत नाही. हरवते ती पाऊस थांबल्यावर. लोकलमध्ये चढताना पाऊस असतो, उतरताना ऊन पडलेलं असतं आणि छत्री वरच्या फळीवर राहून जाते.

आत्या: हे दहावं वाक्य. आता याला माणसाच्या नात्यात बसव.

भाचा: थांब, सुचतंय.

'पाऊस होता तोवर हातात हात,
पाऊस थांबला, सुटली साथ;
मी उतरलो सांताक्रूझला,
ती एकटीच गेली बोरिवलीला.'

आत्या: वा! यात तुझा छेदही आहे. साथीदार संकटात सोडून जातात, इथे संकट टळल्यावर साथ सुटते. आणि तालही आपोआप आला. कोडं तोंडी फिरणारं असेल तर ताल हवाच. दोन-चार आखूड ओळी, शेवट जुळलेला, म्हणजे मूल घरी जाऊन आजीला जसंच्या तसं घालू शकतं.

भाचा: आता माझी अडचण सांगतो. कालच मी एक केलं, रिक्षाच्या मीटरवर. रिक्षा सिग्नलला उभी राहिली तरी मीटर पुढे सरकतोच, हा छेद मला फार आवडला.

'गाडी थांबली तरी चालत असतो,
चालून चालून जागीच बसतो.'

पण घड्याळही बसतं की यात.

आत्या: घड्याळ बसत नाही. घड्याळ 'ते', तुझ्या कोड्यात 'तो' आहे. आपल्या मराठीत कोडं रचणाऱ्याला हे आधी सांभाळावं लागतं. क्रियापदाच्या टोकाला लिंग चिकटलेलं असतं. 'चालतो' म्हटलंस की जगातल्या साऱ्या 'ती' आणि 'ते' बाद झाल्या. मुरलेला सोडवणारा आधी तेच ऐकतो. 'घालते' म्हटल्यावर तो टॉवेल, शर्ट, खिळा यांचा विचारच करत नाही. इंग्रजीत कोडं घालणाऱ्याला हा खुणेचा शब्द फुकट द्यावा लागत नाही, आपल्याला द्यावा लागतो. म्हणून बाकीच्या खुणा जरा जास्त झाकाव्या लागतात.

भाचा: ठीक, घड्याळ गेलं. पण लोकलमधला पंखा? तोही 'तो'. गाडी फलाटावर उभी राहिली तरी चालत असतो, चालून चालून जागीच असतो.

आत्या: मग पंखाही बरोबर. मी वर्गात असते तर पंखा म्हणणाऱ्या मुलालाही पूर्ण गुण दिले असते.

भाचा: इथेच आपलं जमत नाही. स्पर्धेत एका कोड्याला दोन उत्तरं निघाली तर भांडणं होतील. मला तर तो रचणाऱ्याचा आळस वाटतो. सोडवणारा आपला वेळ देतो, डोकं शिणवतो, तेव्हा त्याला शेवटी एकच दार मिळालं पाहिजे. म्हणून मी तिसरी ओळ घातली.

'उतरणारा आधी यालाच पुसतो.'

पंख्याला कोण विचारतं? आता मीटरशिवाय दुसरं काही बसत नाही.

आत्या: ओळ चांगली आहे. पण ती चांगली का, ते वेगळं आहे. पंखा बाद झाला म्हणून ती मला आवडली नाही. रिक्षातून उतरताना आपण चालकाशी बोलायच्या आधी मीटरकडे बघतो, ही रोजची गोष्ट तू शब्दांत पकडलीस म्हणून आवडली. यापूर्वीच्या खर्ड्यात तू 'पैसे खातो' असं लिहिलं होतंस ना?

भाचा: हो. तूच खोडायला लावलंस.

आत्या: कारण ते खोटं होतं. मीटर पैसे खात नाही, फक्त आकडा सांगतो. सोडवणारा 'खातो'च्या मागे गेला असता आणि उत्तर ऐकल्यावर म्हणाला असता, हे कुठे खरं आहे? कोड्यात झाकावं हवं तेवढं, पण खोटं एक अक्षरही असू नये. उत्तर हातात घेऊन परत पहिल्या ओळीपासून वाचायचं. एखादी ओळ अडखळली तर ती कितीही गोड असो, काढायची.

भाचा: यावर माझं तुझं एकमत आहे, पण कारण वेगळं. मी याला करार म्हणतो. मी तुला फसवणार, पण खोटं बोलणार नाही. हा करार मोडला की सोडवणारा पुन्हा तुझ्या कोड्याला हात लावत नाही.

आत्या: आणि मी म्हणते, वस्तूबद्दल खोटं बोललास म्हणजे तू ती बघितलीच नाहीस.

भाचा: एका उत्तराचा मुद्दा अजून सुटलेला नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या हस्तलिखितात, म्हणजे दहाव्या शतकातल्या संग्रहात, 90 हून अधिक कोडी आहेत आणि उत्तर एकाचंही दिलेलं नाही. काहींवर विद्वान अजून वाद घालतात. मला ती रचणाऱ्यांची हार वाटते.

आत्या: मला जीत वाटते. हजार वर्षं माणसं त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचतात, आणखी काय हवं? आपल्याकडेही आहेच की. ज्ञानदेवांच्या नावावरचं ते कूट आठव. काट्याच्या टोकावर तीन गावं वसतात, दोन ओसाड आणि एक वसतच नाही. त्याचा एकच अर्थ सांगून कोणी मोकळं झालेलं नाही. कीर्तनात प्रत्येक बुवा आपापला उलगडा करतो.

भाचा: ते अध्यात्म. मुलांच्या स्पर्धेत काट्याच्या टोकावर गाव वसवलं तर मुलं रडकुंडीला येतील. कूट वेगळं, कोडं वेगळं.

आत्या: हे मात्र तुझं खरं. कूट मुरवायला असतं, कोडं सोडवायला असतं. मुलांसाठी तुझंच माप धरू. फक्त एक सूट दे. दुसरं उत्तर सगळ्या ओळींना लागू पडलं तर ते चूक म्हणायचं नाही. मुलाने काढलेलं ते नवं कोडंच असतं.

भाचा: दिली. पण मग तू माझ्या अक्षरांच्या कोड्यांना नाक मुरडू नकोस. हे बघ, तीन अक्षरी शब्द.

'पहिलं काढलं तर फणसात मिळतो,
मधलं काढलं तर भातावर पडतं,
शेवटचं काढलं तर दाराला लागतो,
काहीच नाही काढलं तर जुहूला गरजतो.'

आत्या: गर, सार, साग. सागर. चांगलं आहे रे. नाक कशाला मुरडीन? पण माझ्या आजीला हे सुटलं नसतं. तिला अक्षर येत नव्हतं आणि कोडी मात्र ढिगाने येत होती. तोंडी कोड्याला कान पुरतो, याला पाटी लागते.

भाचा: म्हणून ते कमी दर्जाचं? दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकेचे, म्हणजे कोड्याचे, 16 प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतले कितीतरी शब्दांचे नि अक्षरांचेच खेळ आहेत. संधीत अर्थ दडवलेली 'समागता', मोजणीवर चालणारी 'संख्याता'. उपयोगही त्याने रोखठोक सांगितले आहेत: मित्रमंडळींच्या बैठकीत करमणूक, गर्दीत जाणकारांनी आपसात गुप्त बोलणं आणि दुसऱ्याला गोंधळात पाडणं. 'कामसूत्रा'तल्या 64 कलांतही प्रहेलिका आहे.

आत्या: आणि विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त तिला अलंकार मानायलाच नकार दिला, कारण ती रसाच्या आड येते. वाचणारा उत्तर शोधत बसला की रस घेणार कधी? मला त्याचं म्हणणं अर्धं पटतं. जे कोडं नुसतं कुलूप असतं, ते उघडलं की फेकून देतात. 'सागर' सुटला, संपला. पुन्हा म्हणावासा वाटत नाही.

भाचा: मोजणीचं कोडं मात्र पुन्हा म्हणावंसं वाटतं, हे तुला मान्य करावं लागेल. ऋग्वेदातल्या दीर्घतमसाच्या सूक्तात बारा आऱ्यांचं एक चाक आहे, ते कधी झिजत नाही आणि त्यावर जोडीजोडीने 720 मुलगे उभे आहेत. उत्तर वर्ष. बारा महिने, आणि दिवस नि रात्र वेगवेगळे मोजले तर 720. तिकडे ग्रीसमध्ये क्लिओबुलसच्या नावावर एक कोडं आहे: एक बाप, बारा मुलगे, प्रत्येकाला साठ मुली, निम्म्या गोऱ्या, निम्म्या काळ्या. बारा गुणिले साठ, पुन्हा 720. आणि आपल्याकडे बारा फांद्यांच्या झाडाचं कोडं अजून मुलं घालतात. म्हणजे आकडाही डोळ्यांसमोर चित्र उभं करू शकतो.

आत्या: इथे मी हरले. पण त्यात नुसता हिशेब नाही बघ. दिवस आणि रात्र ही जोडीने चालणारी भावंडं आहेत, असं कोणाला तरी आधी दिसलं. मग मोजलं. भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती'त गणितं घातली तीही अशीच. मोडलेला बांबू, सापावर झेपावणारा मोर, फुलाफुलांवर विखुरलेले भुंगे. आकडेमोड शिकवायची होती, पण सुरुवात चित्राने केली. मुलांसाठी एक-दोन अशी ठेव. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर काढता येईल.

भाचा: ठेवतो. आता शेवटचा वाद. तू जे नाल्याचं कोडं दिलंस, ते मी यादीत घेतलेलं नाही.

'नदीच्या भेटीला निघतो,
समुद्र दारात अडवतो,
फिरतो माघारी रुसून
अन् आमच्या घरात बसतो.'

कोडं सुरेख आहे. पण पाहुणी आलेली पुण्याची मुलं ते कशी सोडवतील? वाकोला नाला मिठीला मिळतो, मिठी माहीमला समुद्राला मिळते, भरती असली की पाणी पुढे सरकत नाही, हे इथे राहणाऱ्यालाच ठाऊक. ज्याचं उत्तर एका वस्तीबाहेर कळत नाही, त्याला मी कोडं कसं म्हणू?

आत्या: मग नारळाचं कोडं लडाखच्या मुलाला कसं सुटेल? प्रत्येक कोडं कुठल्या तरी गावचं असतंच. आपल्या जुन्या कोड्यांत जातं, मोट, विळी, कणगी भरून आहे, कारण रचणारी माणसं त्या वस्तूंबरोबर दिवस काढत होती. दुर्गाबाई भागवतांनी भारतीय जीवनातल्या, लोकपरंपरेतल्या आणि साहित्यातल्या कोड्यांवर 1965 साली इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं. एवढ्या मोठ्या विदुषीला कोडं हा पोरखेळ वाटला नाही. त्या पुस्तकाच्या नावातच 'जीवन' पहिलं आहे, ते उगीच नाही. आज आपल्या मुलांना मोटेचं कोडं घातलं तर आधी मोट म्हणजे काय ते सांगावं लागतं. मग त्यांच्या जीवनातली कोडी कोण रचणार? मीटरचं, लोकलमधल्या छत्रीचं, नाल्याचं आपणच रचायचं.

भाचा: मीटर आणि छत्री साऱ्या मुंबईची आहेत. नाला आपल्या चार गल्ल्यांचा.

आत्या: म्हणूनच तो हवा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. दुपारी वर भरती. नाला उलटला आणि तळमजल्यांच्या घरांत शिरला. आता शाळेत असलेली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यांना मी पाण्याचे आकडे सांगितले तर संध्याकाळपर्यंत विसरतील. 'रुसून घरात बसतो' हे कोडं घातलं तर घरी जाऊन विचारतील, आजी, नाला खरंच घरात आला होता का? मग आजी सांगायला बसेल. कोड्याचं उत्तर एका शब्दाचं असतं, पण त्या शब्दामागे एवढं सगळं उघडतं.

भाचा: तरी सोडवणाऱ्याशी केलेला करार?

आत्या: तोही पाळ. परक्याला वाट मिळावी म्हणून खुणांची क्रमवारी नीट लाव. पहिली ओळ सर्वांत झाकलेली, शेवटची सर्वांत उघडी. आणि यादीत घेण्याआधी तीन माणसांना घालून बघ: एक मूल, एक मोठं माणूस आणि एक या भागात न राहणारा. तिघांनाही लगेच सुटलं तर एक खूण झाक. तिघांनाही नाही सुटलं तर एक उघड. मुलाला सुटलं आणि मोठ्याला नाही, तर हात लावू नकोस, कोडं जमलेलं आहे.

भाचा: हे मला पटलं. असंच एक घालून बघतो. 'क्षणापुरता जन्मतो, दार उघडून मरतो, परक्याच्या कानी पडला तर घर धुऊन नेतो.'

आत्या: ओटीपी. बँकेचा माणूस म्हणून रोज फोन येतात, मला नाही सुटणार? पण शब्द खरे आहेत सगळे. घे यादीत.

भाचा: यादी अजून अपुरीच आहे, आत्या. पंचवीस कधी होणार?

आत्या: पंचवीस तू कशाला रचतोस? मुलांनाच रचायला सांग. प्रत्येकाने आपल्या घरातली नाहीतर गल्लीतली एक वस्तू निवडायची, दहा खरी वाक्यं लिहायची, पहिली चार खोडायची आणि उरलेल्यांतून तीन-चार ओळींचं कोडं करायचं. उत्तर बंद पाकिटात. आरतीनंतर एकेकाने उभं राहून घालायचं, सगळ्यांनी सोडवायचं.

भाचा: म्हणजे सोडवण्याची नाही, रचण्याची स्पर्धा. चालेल. पण बक्षीस कोणाला? मी तर जे कोणालाच सुटणार नाही त्याला देईन.

आत्या: मी देईन ते जे सुटायला वेळ लागला, पण उत्तर कळल्यावर अख्खा मांडव म्हणाला, 'अरे, हे तर आपण रोज बघतो!'

भाचा: आणि कोणालाच न सुटलेलं?

आत्या: त्याचं पाकीट फोडायचं, उत्तर वाचायचं आणि एकेक ओळ ताडून बघायची. सगळ्या खऱ्या निघाल्या तर तुझं बक्षीस त्याला. एक जरी खोटी निघाली तरी रागवायचं नाही. ती वस्तू पुन्हा बघून ये म्हणायचं आणि उद्याच्या आरतीला तेच कोडं परत घालायला लावायचं.